काजळाची रेघ कोठें थांबावी?

सध्यां आमच्या परिचयाच्या अनेक कुटुंबांत डोळ्यांच्या प्रसाधनावरून दोन निरनिराळे वाद एकाच छपराखालीं चालू असलेले दिसतात. पहिला पाळण्यापाशीं होतो. आजीबाई दिव्यावर धरलेलें काजळ बोटावर घेऊन बाळाकडे येतात, सूनबाई नम्रपणें परंतु निश्चयानें म्हणतात, "आई, नको, डॉक्टरांनीं बजावून सांगितलें आहे", आणि आजीबाईंस वाटतें कीं, आपण चार मुलें लहानाचीं मोठीं केलीं त्याला आतां कांहीं किंमत उरली नाहीं. दुसरा वाद आरशापाशीं होतो. कॉलेजांत जाणारी नात नृत्याच्या कार्यक्रमासाठीं अगर मैत्रिणीच्या लग्नासाठीं डोळ्यांभोंवतीं ठसठशीत काळी रेघ ओढते, पापण्यांवर रंग चढविते, आणि घरांतील वडील मंडळी "हें काय सोंग?" म्हणून कपाळाला आठ्या घालतात. नवल असें कीं, पाळण्यापाशीं काजळाचा कैवार घेणारीं माणसेंच आरशापाशीं काजळावर रुष्ट होतात. आणि पाळण्यापाशीं डॉक्टरांचा दाखला देणारी तरुण पिढी आरशापाशीं गेल्यावर डॉक्टरांस पार विसरते.

आमच्या मतें ह्या दोन्ही वादांचा निकाल एकाच प्रश्नाच्या उत्तरांत आहे. काळें किती लावावें हा खरा प्रश्न नव्हे. तें कोठें लावावें आणि रेघ कोठें थांबावी, हा खरा प्रश्न आहे. जें पापणीच्या केसांच्या बाहेर राहतें तें प्रसाधन. जें केसांच्या आंत जाऊन ओल्या कांठाला किंवा बुबुळाला स्पर्श करतें तें औषध. प्रसाधन हें हौसेचें काम आहे, औषध हें वैद्याचें. ही मर्यादा एकदां घरांत सर्वांस पटली, म्हणजे आजीबाईंचा मान राहतो, नातीची हौस राहते, आणि ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप ते डोळेही सुखरूप राहतात.

ही मर्यादा आम्ही नव्यानें शोधून काढलेली नाहीं. संस्कृतांतील "अंजन" हा शब्द "अञ्ज्" ह्या धातूपासून आला आहे. माखणें आणि स्पष्ट करणें हे दोन्ही अर्थ त्या धातूंत आहेत. "व्यक्त" आणि "व्यंजन" हे शब्दही त्याच कुळांतले. मराठींत एखाद्याला खरी गोष्ट दाखवून दिली म्हणजे आपण "त्याच्या डोळ्यांत अंजन घातलें" असें म्हणतों. "काजळ घातलें" असें त्या अर्थीं कोणी म्हणत नाहीं. अंजन हें दृष्टीसाठीं आहे, काजळ हें दिसण्यासाठीं आहे. भाषेनें हा भेद जपून ठेविला. रोजच्या व्यवहारानें मात्र तो पुसून टाकला.

आयुर्वेदाचे ग्रंथ पाहिले तर हा भेद अधिकच ठळक होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत दिनचर्येच्या प्रसंगानें अंजनाचा विचार आला आहे. सौवीरांजन नित्य वापरावें असें तेथें म्हटलें आहे; परंतु दारुहळदीच्या काढ्यापासून होणारें रसांजन पांच किंवा आठ रात्रींतून एकदांच, डोळ्यांतील दोष वाहून जाण्यासाठीं, घालण्यास सांगितलें आहे, आणि तीक्ष्ण अंजन दिवसा घालूं नये असा निषेधही केला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली असून अंजनाचे लेखन, रोपण आणि प्रसादन असे कार्यपरत्वें तीन प्रकार केले आहेत. थकलेल्या, रडलेल्या, मद्य प्यालेल्या, रागावलेल्या, भ्यालेल्या अथवा ज्वर आलेल्या माणसाच्या डोळ्यांत अंजन घालूं नये असेंही तेथें आहे. मात्रा, वेळ आणि निषेध ह्या तिन्ही गोष्टी जेथें आल्या तेथें औषधाचा विचार चालला आहे हें उघड होय. त्यांतील द्रव्यें आज जशींच्या तशीं वापरावींत असें आमचें म्हणणें नाहीं. तें कां नाहीं, हें पुढें येईलच. परंतु डोळ्याच्या आंत जें जातें तें विचारपूर्वक गेलें पाहिजे, ही त्या ग्रंथांची दृष्टि आजही खरी आहे.

आतां शोभेची बाजू पाहूं. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांत पार्वतीच्या विवाहाच्या शृंगाराचें वर्णन आहे. तेथें कवीनें मोठ्या मार्मिकपणें सांगितलें आहे कीं, प्रसाधन करणाऱ्या स्त्रियांनीं तिच्या डोळ्यांस काळें अंजन लाविलें तें त्यांची कांति वाढेल म्हणून नव्हे, तर तें मंगल म्हणून. रघुवंशाच्या सातव्या सर्गांत अज राजा नगरांत येतो तेव्हां त्याला पाहण्यासाठीं पौरस्त्रियांची एकच धांदल उडते. त्यांतील एक उजव्या डोळ्याला अंजन लावून झालें असतां डावा तसाच ठेवून खिडकीकडे धांवते. ह्या रम्य चित्रांतील एक तपशील शाळेंत शिकवितांना आम्ही मुद्दाम दाखवीत असूं: धांवतांना तिच्या हातीं शलाका आहे. अंजन बोटानें लावावयाची वस्तु नसून तिच्यासाठीं स्वतंत्र सळई असते, हें त्या काळच्या प्रसाधनगृहांतील साधें शिस्तीचें वळण होतें. आपल्या घरांत मात्र सळई गेली आणि बोट आलें. आणि पुष्कळसे अनर्थ ह्या बोटानेंच केले आहेत.

घरीं काजळ धरण्याची रीत वाचकभगिनींना ठाऊकच आहे. स्वच्छ सुती कापडाची वात, कित्येक घरीं ती माक्याच्या रसांत भिजवून वाळविलेली, तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यांत लावतात. ज्योतीवर तांब्याची ताटली पालथी धरतात. सांचलेली काजळी खरवडून तुपांत किंवा लोण्यांत खलतात आणि डबींत भरतात. अशा काजळांत खनिज घातलेलें नसतें म्हणून तें सर्वथा निर्दोष, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. काजळी म्हणजे अतिशय बारीक कोळसा आणि त्याबरोबर अर्धवट जळलेल्या तेलाचे अंश. डबींत महिनोन्महिने राहिलेलें तूप निर्जंतुक राहत नाहीं. आणि त्या डबींत रोज शिरणारें बोट किती ठिकाणीं फिरून आलेलें असतें हें सांगावयास नकोच. मोठ्या माणसाचा डोळा हें सारें अश्रूंनीं धुवून टाकण्याची खटपट करतो. तान्ह्या मुलाला मात्र तेवढीही सोय नसते. डोळ्यांतून नाकाकडे जाणारी अश्रुनलिका बाळाच्या ठिकाणीं फार अरुंद असते, आणि कित्येक बाळांत तिचें खालचें तोंड जन्मानंतर कांहीं महिने पुरतें उघडलेलेंच नसतें. त्यांत काजळाचा चिखल बसला कीं डोळा पाणावतो, चिपडें धरतात, आणि मग डॉक्टरांकडे धांवपळ सुरू होते.

काजळानें डोळे मोठे होतात, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. डोळ्याचा आकार त्याची हाडाची खोबण, पापण्यांची ठेवण आणि शरीराची वाढ ह्यांवर ठरतो. कोणत्याही लेपानें तो वाढत नाहीं. काळ्या कडेशेजारीं पांढरें अधिक पांढरें दिसतें, म्हणून काजळ घातलेला डोळा मोठा भासतो इतकेंच. भासासाठीं कड बाहेरून रंगविली तरी पुरते. आंत कांहीं घालण्याची गरज नाहीं.

घरच्या काजळापेक्षां सुरम्याची गोष्ट पुष्कळच गंभीर आहे. पूर्वीं सुरमा म्हणून अँटिमनी धातूचें खनिज वापरीत असें मानतात; परंतु बाजारांत ह्या नांवानें मिळणारी चकचकीत काळी पूड बहुधा गॅलिना म्हणजे शिशाचें खनिज असते. दोन्ही दिसावयास सारखींच, म्हणून डोळ्यानें ओळख पटत नाहीं. प्राचीनांनीं नांवें दिलेलीं द्रव्यें आजच्या पुडींत आहेत असें धरून चालणें कां धोक्याचें, तें ह्यावरून ध्यानांत येईल. शिसें डोळ्यांतून रक्तांत कसें जाणार, असा प्रश्न कोणी विचारील. पापणीच्या नाकाकडील कोपऱ्यांत एक बारीक छिद्र असतें. तेथून अश्रु नाकांत आणि नाकांतून घशांत उतरतात. म्हणूनच माणूस रडूं लागला कीं त्याचें नाक वाहूं लागतें. त्याच वाटेनें सुरम्याची पूड पोटांत जाते. शिवाय लहान मूल डोळे चोळून तीच बोटें चोखतें. जागतिक आरोग्य संघटनेचें स्पष्ट म्हणणें असें कीं, शिशाची अमुक एक मात्रा निरुपद्रवी आहे असें आढळलेलें नाहीं. शिशाचा आघात सर्वांत अधिक होतो तो वाढत्या मेंदूवर: बुद्धि, लक्ष आणि शिकण्याची शक्ति ह्यांवर. जन्मभर मुलांना शिकविण्यांत घालविलेल्या माणसाला ह्याहून भयंकर गोष्ट कोणती वाटेल?

ह्यावर कित्येक सुशिक्षित गृहस्थ मिसर देशाचें उदाहरण देतात. तेथील लोकांनीं हजारों वर्षें डोळे रंगविले, हें खरें आहे. आरंभीं मॅलाकाइट नांवाच्या हिरव्या ताम्रखनिजाची पूड आणि पुढें मुख्यत्वेंकरून काळें गॅलिना ते वापरीत. पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांतील जुन्या कुप्यांमध्यें शिल्लक राहिलेल्या पुडीचें पृथक्करण फ्रेंच शास्त्रज्ञांनीं केलें. १९९९ सालीं त्यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, त्यांतील शिशाचे कांहीं क्षार निसर्गांत क्वचित् सांपडणारे असून ते मुद्दाम रासायनिक क्रियेनें तयार केलेले असावेत. २०१० सालीं त्याच परंपरेंतील संशोधनांत असें दिसलें कीं, हे क्षार अत्यल्प प्रमाणांत त्वचेच्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड अधिक निर्माण करावयास लावतात, आणि त्यामुळें शरीराची रोगप्रतिकारक शक्ति जागी होत असावी. ह्यावरून "पहा, शिसें औषधीच आहे!" असा निष्कर्ष काढणें हें उतावळेपणाचें होईल. नाईल नदीच्या पुरानंतर डोळ्यांच्या सांथी येत असलेल्या आणि दुसरा उपाय हातीं नसलेल्या लोकांनीं त्याचा उपयोग केला असेल; आज निर्जंतुक थेंब औषधाच्या दुकानांत मिळत असतां शिशाची जोखीम पत्करण्याचें कारण उरलेलें नाहीं. शिवाय येथेंही गोष्ट तीच: डोळ्यांत जाणारी वस्तु त्यांनींही औषध म्हणून तयार केली होती.

जुन्या वस्तूंत जसा धोका आहे तसा नव्यांतही आहे. अमेरिकेंत १९३३ च्या सुमारास "लॅश ल्यूर" नांवाचा पापण्या व भुवया काळ्या करण्याचा रंग विकला जात असे. त्यांतील पॅराफेनिलिनडायअमिन ह्या द्रव्यामुळें कित्येक स्त्रियांचे डोळे भयंकर सुजले आणि दृष्टि गेल्याचेंही प्रकरण घडलें. त्या वेळच्या कायद्यानें सरकारला तो रंग बाजारांतून काढून घेण्याचा अधिकारच नव्हता. अशा प्रकरणांनीं लोकमत जागें झालें आणि १९३८ सालीं तेथें अन्न, औषधें आणि प्रसाधनें ह्यांविषयीं नवा कायदा झाला. आपल्याकडे १९४० च्या औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायद्याखालील नियमांनीं रंगासाठीं शिसें व सोमल ह्यांचीं संयुगें प्रसाधनांत घालण्यास मनाई केली आहे. म्हणून वस्तु घेतांना तिच्यावर उत्पादकाचें नांव, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली आहे ना, हें पाहून घ्यावें. जत्रेंतील सुटी पूड किंवा परदेशांतून कोणी आणलेली नांवगांव नसलेली कुपी कितीही सुंदर असली तरी घेऊं नये.

येथें वडील मंडळींसही एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. वर सांगितलेलें द्रव्य आजही केस काळे करण्याच्या पुष्कळ कलपांत असतें. अशा पाकिटावर, हा रंग भुवयांना व पापण्यांना लावूं नये, त्यानें अंधत्व येण्याचा संभव आहे, अशा अर्थाची सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते. नातीच्या रेघेवर टीका करणाऱ्या किती आजोबांनीं उरलेला कलप कुंचल्यानें पांढऱ्या भुवयांवर फिरविलेला आहे, हें त्यांनींच आठवून पहावें!

आतां पापणीची रचना थोडी समजून घेऊं, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहींत. ते आपोआप सुचतील. पापणीची त्वचा सर्व शरीरांत पातळ, एका मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते. म्हणून ती लवकर सुजते, लवकर सुरकुतते, आणि तिच्यावर लाविलेलें लवकर आंत मुरतें. पापणीच्या कांठावर, केसांच्या आंतल्या बाजूस, सूक्ष्म तैलग्रंथींचीं तोंडें ओळीनें असतात; वरच्या पापणींत सुमारें तीस, खालच्या पापणींत त्याहून कांहीं कमी. त्यांतून पाझरणारें तेल अश्रूंवर पातळ साय धरतें, आणि त्यामुळें डोळा लवकर वाळत नाहीं. हल्लीं ह्या ओल्या कांठावरच पेन्सिल फिरविण्याची पद्धति पडली आहे. त्यानें ग्रंथींचीं तोंडें बुजतात. डोळे कोरडे पडून चुरचुरतात. कांठ लाल होतो. रांजणवाडी पुन्हां पुन्हां येऊं लागते. केसांच्या बाहेर ओढलेली तीच रेघ मात्र ह्या यंत्राला धक्का लावीत नाहीं. आमची मर्यादा म्हणजे सोंवळ्या-ओंवळ्याची लहर नव्हे; निसर्गानें स्वतःच तेथें केसांचें कुंपण घातलें आहे.

मग भरदार, नाट्यमय असें नेत्रप्रसाधन करूंच नये काय? आमचें उत्तर, अवश्य करावें, असें आहे. रंगभूमीचा तो धर्मच आहे. प्रेक्षक दूर बसलेला असतो. दिव्यांच्या प्रकाशांत चेहऱ्याचा उठाव सपाट होतो. अशा वेळीं डोळा आणि भुवई रेखलेली नसेल तर अभिनय पहिल्या दोन रांगांपलीकडे जात नाहीं. केरळांतील कूडियाट्टम् आणि कथकळि ह्या कलांनीं डोळ्याचें हें सामर्थ्य पराकाष्ठेला नेलें. माणि माधव चाक्यार (१८९९–१९९०) ह्यांची कीर्ति मुख्यतः नेत्राभिनयासाठीं होती. १९३० सालीं कवि वळ्ळत्तोळ ह्यांनीं सहकाऱ्यांसह स्थापिलेल्या केरळ कलामंडलम् सारख्या संस्थेंत विद्यार्थ्यांकडून डोळ्यांचे व्यायाम पहांटे करवून घेण्याची परंपरा आहे. कथकळीचा नट वांग्याच्या जातीच्या एका झाडाच्या फुलांतील बारीक कण खालच्या पापणींत ठेवून डोळे लाल करतो, हें पुष्कळांनीं ऐकलें असेल. तो गुरुपरंपरेंतला, वर्षानुवर्षांच्या अभ्यासाबरोबर येणारा विधि आहे. घरीं हौसेनें करून पाहण्याचा प्रयोग नव्हे. आमच्या मुलींनीं त्यांच्याकडून घ्यावयाचें तें हें कीं, रंग डोळ्याला चौकट देतो. चौकटींतलें चित्र साधनेनेंच उमटतें.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम हात साबणानें धुवावे. चष्म्याऐवजीं कॉन्टॅक्ट लेन्स वापरीत असल्यास ती आधीं बसवावी आणि मग रंगाला हात घालावा. चेहरा धुवून कोरडा करावा. पापणीवर त्वचेच्या रंगाचा पातळ थर देऊन त्यावर किंचित् भुकटी टिपावी, म्हणजे रेघ पसरत नाहीं. मग भुवई: केस ज्या दिशेनें वाढतात त्याच दिशेनें आंखूड, हलक्या रेघा काढाव्या, एकच जाड पट्टा ओढूं नये. पापणीवर रंग द्यावयाचा तर फिकट रंग नाकाकडे, गडद रंग बाहेरील कोपऱ्याकडे, आणि दोहोंची शिवण बोळ्यानें पुसट करावी. मुख्य रेघ वरच्या पापणीची. ती नाकाकडे केसासारखी बारीक सुरू करून, केसांच्या मुळांलगत परंतु बाहेरून, कानाकडे जाड करीत न्यावी आणि अपांगापुढें भुवईच्या टोंकाच्या रोखानें थोडी लांबवावी. खालची रेघ खालच्या केसांच्याही खालून ओढावी. रंगभूमीसाठीं ह्या दोन रेघा बाहेरच्या कोपऱ्यांत एकमेकींस मिळवूं नयेत. मधील फटींत पांढरा रंग भरावा. दुरून तो डोळ्याच्या पांढऱ्या भागाचाच विस्तार वाटतो आणि डोळा मोठा दिसतो. शेवटीं केसांना मस्कारा, मुळांपासून टोंकांकडे. हें सर्व बसून, उजेडांत, कोपर टेकून करावें. धांवत्या मोटारींत पेन्सिल डोळ्याजवळ नेणें म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

रंग चढविण्याइतकीच, किंबहुना अधिक, कला तो उतरविण्यांत आहे. कार्यक्रम कितीही उशिरां संपला तरी रंगासह निजूं नये. लेन्स आधीं काढावी. कापसाच्या बोळ्यावर स्वच्छ तेल किंवा त्यासाठीं मिळणारें द्रव घेऊन तो मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसता ठेवावा. रंग सुटला म्हणजे हलक्या हातानें खालीं ओढून घ्यावा. घासूं नये. प्रत्येक डोळ्याला बोळा निराळा. नंतर कोमट पाण्यानें पापण्या धुवून मऊ पंचानें टिपाव्या. मस्काऱ्याची कुपी उघडल्यापासून तीन महिन्यांनीं टाकून द्यावी. वाळली म्हणून तींत पाणी किंवा थुंकी कधींही घालूं नये. डोळे आले असतां कोणताही रंग लावूं नये, आणि बरे झाल्यावर जुनी पेन्सिल व कुपी पुन्हां वापरूं नये.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, डोळ्यांची वस्तु ज्याची त्याची स्वतंत्र असावी. एकत्र कुटुंबांत हा नियम आपलेपणाविरुद्ध वाटतो. आम्ही अध्यापक असतांना एका वर्षीं शाळेच्या स्नेहसंमेलनांत बारा मुलींचा गौळणींचा नाच बसविला होता. सर्वांच्या डोळ्यांस एकाच डबींतील काजळ एकाच बोटानें लागलें. त्यांतील एकीचे डोळे आदल्या दिवसापासून चुरचुरत होते, परंतु नाचांतून काढतील ह्या भीतीनें ती बोलली नाहीं. पुढच्या आठवड्यांत नऊ मुली डोळे येऊन घरीं बसल्या, आणि त्यांतील दोघींची शिष्यवृत्तीची परीक्षा हुकली. एकीचे वडील कारकून होते. ती शिष्यवृत्ति मिळती तर पुढचें शिक्षण सुकर झालें असतें. काजळाच्या एका बोटाची किंमत किती होऊं शकते, हें त्या वर्षीं सर्वांस कळलें. खुपऱ्यांसारखा दृष्टि घेणारा रोगही असाच बोटांतून, पदरांतून आणि सामाईक पंचांतून पसरत असे. २०२४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचें उच्चाटन झाल्याचें मान्य केलें. त्या यशाचा मोठा वाटा औषधाबरोबर स्वच्छ पाण्याचा आणि धुतलेल्या तोंडाचा आहे.

डोळ्यांखालील काळ्या वर्तुळांविषयीं पुष्कळ भगिनी विचारतात. तीं कित्येक घराण्यांत उपजतच असतात, कांहींना वावड्यामुळें डोळे चोळण्याच्या संवयीनें येतात, कांहींना जागरणानें. चोळण्याची संवय तर बुबुळाचा आकार बिघडविणाऱ्या विकाराशींही निगडित आहे. झोंप पुरी घ्यावी, उन्हांत चांगल्या प्रतीचा काळा चष्मा वापरावा, थंड पाण्याची घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी. फोनच्या व संगणकाच्या पडद्याकडे पाहतांना पापण्या लवण्याचें प्रमाण घटतें आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून मधून मधून दूर पहावें व मुद्दाम डोळे मिटावे. लिंबू, मध, गुलाबपाणी हीं स्वयंपाकघरांत आणि समारंभांत शोभतात; डोळ्यांत तीं घालूं नयेत. दृष्टि अंधुक झाली, दुखूं लागलें, किंवा प्रकाश सोसवेनासा झाला, तर घरगुती उपाय न करतां नेत्रवैद्याकडे जावें.

राहतां राहिला पाळणा. आजीबाईंच्या मनांत जें असतें तें द्वेषानें कोणी म्हणत नाहीं. बाळाला कोणाची दृष्ट लागूं नये, एवढीच त्यांची माया असते. त्या मायेला जागा देणें कठीण नाहीं. "गालबोट" हा आपला शब्दच सांगतो कीं, बोटाची जागा गालावर आहे, डोळ्यांत नाहीं. बाळ हात फिरवून गालाचें काळें डोळ्यांत नेतें, म्हणून तीट कानामागें किंवा तळपायाला लावावी. ती तेथेंही तीटच असते. डोळे पुसावयाचे तर उकळून निवविलेल्या पाण्यांत कापूस भिजवून, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला निराळा बोळा घेऊन पुसावे. आणि हें काम सूनबाईंनीं आजीबाईंकडेच सोंपवावें. ज्या हातानें चार मुलें वाढविलीं, त्या हाताला पाळण्यापासून दूर करण्याचें कारण नाहीं. त्या हातांतील डबी तेवढी बाजूला ठेवावयाची आहे.

आणि नातीनें नृत्याच्या दिवशीं रेघ हवी तितकी ठसठशीत ओढावी. ती केसांच्या बाहेर आहे, वस्तु तिची स्वतःची आहे, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं ती धुतली जाते, इतकें पाहिल्यावर वडील मंडळींनीं आठ्या उतरवून पुढच्या रांगेंत जाऊन बसावें, हेंच उचित होय.